बिल्ला, मुकुट आणि चिंचेचा कोळ

बिल्ला नंबर ७८६ आठवतोय? १९७५चा ‘दीवार’. गोदीत काम करणाऱ्या विजयचा तो पितळी बिल्ला. गोळी येते, बिल्ल्यावर आदळते आणि अमिताभ वाचतो. आपल्यापैकी निम्म्या लोकांना बिल्ला म्हटलं की एवढंच आठवतं. उरलेल्या निम्म्यांना निवडणूक आठवते.

मला मात्र बिल्ला म्हटलं की तुरुंग आठवतो. घाबरू नका, मी आत जाऊन आलेलो नाही. माझा छंदच तसा आहे. मी जुन्या ब्रिटिश तुरुंग कर्मचाऱ्यांच्या गणवेशावरचे बिल्ले जमवतो. टोपीवरचे, कॉलरवरचे, खांद्यावरची धातूची अक्षरं, कोटाची बटणं आणि परवडली तर एखादी शिट्टी. लग्नाच्या बायोडेटात ‘छंद’ या रकान्यात हे लिहिलं तेव्हा आईने तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर ‘वाचन, ट्रेकिंग’ असं लिहून दिलं. असो.

तर सांगायचं आहे ते गेल्या हुरड्याच्या सीझनचं. ऑफिसातला माझा एक मित्र कन्हेरीचा. कन्हेरी म्हणजे बारामती तालुक्यातलं, काटेवाडीच्या शेजारचं. तुम्ही बारामतीला कधी गेला नसलात तरी कन्हेरीचा मारुती तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिलाय. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं त्याच देवळात फुटत आलाय. मित्र म्हणाला, “वीकएण्डला चल, हुरडा खाऊ. आणि तुझे ते बिल्ले पण घे बरोबर. आमच्या आजीला जुन्या वस्तूंची फार हौस.”

हे वाक्य त्याने सहज टाकलं होतं. पुढे ते मला महागात पडलं. की स्वस्तात? अजून ठरलेलं नाही.

आधी या वेडाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

सुरुवात बर्मिंगहॅममध्ये झाली. कंपनीने आठ महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं होतं. शनिवारी करायचं काय? पब परवडत नव्हता आणि क्रिकेटचा सीझन संपला होता. मग मी जुन्या बाजारात हिंडायला लागलो. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टर नावाच्या भागात दोनेकशे वर्षं सोन्याचांदीबरोबर पितळेचंही काम चालत आलंय. बटणं, बक्कल, पदकं, बिल्ले आणि शिट्ट्यासुद्धा! लंडनच्या पोलिसांनी १८८०च्या दशकात खुळखुळे सोडून शिट्ट्या घेतल्या, त्या बनवणारा जोसेफ हडसन याच गावचा. त्याच शहरात १८४९पासूनचा विन्सन ग्रीनचा तुरुंग आहे. बसमधून त्याची भिंत दिसायची. एका शनिवारी एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या ट्रेमध्ये मुकुटाचा एक काळपट बिल्ला दिसला. म्हणाला, “प्रिझन.” दोन कॉफींच्या पैशात तो माझा झाला. पहिला घोट फुकट म्हणतात ना, तसंच झालं ते.

या छंदाचा सगळा फंडा मुकुटात आहे. ब्रिटिश सरकारी बिल्ल्यावर बहुतेक वेळा मुकुट असतोच, आणि तो मुकुटच त्याचं वय सांगतो. १९०१मध्ये व्हिक्टोरिया राणी गेली आणि सातवा एडवर्ड गादीवर आला. तेव्हापासून जो मुकुट चालला त्याला ट्यूडर क्राउन म्हणतात. त्याच्या कमानी वरच्या बाजूला गोल, घुमटासारख्या असतात. १९५२मध्ये दुसरी एलिझाबेथ आली आणि तिने सेंट एडवर्डचा मुकुट निवडला. त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या, कोणी बोटाने दाबल्यासारख्या. जमवणारे त्यांना सरळ ‘किंग्ज क्राउन’ आणि ‘क्वीन्स क्राउन’ म्हणतात. घुमट दिसला की १९५२च्या आधीचा आणि खळगा दिसला की नंतरचा. सोप्पं!

सोप्पं होतं, २०२२पर्यंत. तिसरा चार्ल्स आला आणि त्याने आपल्या चिन्हासाठी पुन्हा ट्यूडरच्या वळणाचा मुकुट घेतला. म्हणजे आता घुमटवाला मुकुट पाहून लगेच ‘सत्तर वर्षं जुना’ असं ओरडलात तर तो कदाचित गेल्या वर्षीचा निघेल. राजाने कलेक्टर लोकांची अशी मजा केली.

मग बाकीचं बघायचं. १८७७च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधले स्थानिक तुरुंग सरकारच्या ताब्यात गेले. त्याआधी जिल्ह्या-जिल्ह्याचा कारभार वेगळा होता. आतल्या पहारेकऱ्याला तेव्हा ‘वॉर्डर’ म्हणत. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तो शब्द अधिकृतपणे गेला आणि ‘ऑफिसर’ आला. आपल्याकडे मात्र ‘वॉर्डर’ राहिला तो राहिलाच. साहेबाने टाकलेला शब्द आपण जपून ठेवला, हे काही पहिल्यांदा झालेलं नाही.

बिल्ला उलटा करून बघणं हा दुसरा नियम. मागे कडी आहेत, सरकपट्टी आहे की पिन? ठोकून बनवलेल्या बिल्ल्याची मागची बाजू पोकळ असते आणि पुढचा मुकुट आत उलटा उमटलेला दिसतो. ओतलेल्या नकलेची पाठ सपाट किंवा बारीक खड्ड्यांची असते, आणि कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ. नकली माल भरपूर येतो, कारण मुकुट पाहिला की लोक खिशात हात घालतात. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, मी स्वतः एका ‘शंभर टक्के ओरिजिनल, लंडन का माल’वर हात भाजून घेतलाय. घरी येऊन उलटा केला तर पाठीवर खड्डेच खड्डे.

आणि तिसरा नियम, सगळ्यांत मोठा. धुवायचं नाही, घासायचं नाही, पॉलिश तर स्वप्नातही नाही. पितळेवर वर्षानुवर्षं जो काळपट-तपकिरी थर चढतो त्याला पॅटिना म्हणतात. ती वस्तूची जन्मपत्रिका. ती घालवली की किंमत निम्मी, आणि कलेक्टरांच्या जमातीत इज्जत शून्य.

हा तिसरा नियम लक्षात ठेवा.

तर शनिवारी दुपारी आम्ही कन्हेरीत पोचलो. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच ज्वारीचा एक तुकडा खास हुरड्यासाठी राखलेला. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. पोट तुडुंब भरलं. मग ओसरीवर बसून मी माझा बॉक्स उघडला.

मित्राच्या आईने विचारलं, “काय आणलंय?”

“बिल्ले, काकू.”

“कुणाचे? अजून इलेक्शनला टाइम हाय की!”

कन्हेरीत बिल्ला म्हणजे तोच. मित्राचा धाकटा भाऊ आतून एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आला. हात, घड्याळ, धनुष्यबाण आणि २०२४ची तुतारी, सगळे पक्ष एका डब्यात गुण्यागोविंदाने. मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. त्या डब्यात तालुक्याचं अख्खं राजकारण होतं, आणि त्या पोराने एक रुपयाही न देता ते जमवलं होतं. इकडे मी पौंडात पैसे मोजून कुठल्या तरी परक्या तुरुंगाची टोपी जमवतोय.

तसं ‘बिल्ला’ या वस्तूचं आपल्याकडचं खानदानही मोठं आहे. पट्ट्यावर लावायच्या पितळी पत्र्याला चपरास म्हणत, आणि ती लावणारा तो चपराशी. पदाचं नाव माणसावरून नाही, बिल्ल्यावरून पडलं! पोलिसाचा ‘बक्कल नंबर’ तर आजही विचारला जातो. नाव नंतर, बक्कल आधी.

तुरुंगात तर बिल्ला दोन्ही बाजूंना. पहारेकऱ्याच्या टोपीवर आणि कैद्याच्या गळ्यात. अंदमानात कैद्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर त्याचा नंबर, शिक्षा आणि सुटकेचं साल असायचं. १९११मध्ये सावरकर तिथे पोचले तेव्हा त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं १९६०. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्यांना हे सांगायला नको. त्याआधी, १९१०च्या मार्चमध्ये, ते लंडनला व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले आणि ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते. ते आत असतानाच, ६ मेला, सातवा एडवर्ड वारला आणि पाचवा जॉर्ज राजा झाला. माझ्यासारख्याच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो, ब्रिक्स्टनच्या वॉर्डरांनी बिल्ले बदलले का? नुसता मुकुट असेल तर गरज नव्हती, तोच ट्यूडर मुकुट पुढे चालू राहिला. राजाची आद्याक्षरं असलेले मात्र बदलावे लागत. कोठडीतल्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल आणि मी टोपीचा विचार करतोय. छंद माणसाला कुठे नेतो बघा.

आणि दोन बिल्ल्यांमधली भिंत वाटते तेवढी पक्कीही नव्हती. जुन्या शिक्षेच्या कैद्यांतूनच वॉर्डर नेमायची पद्धत हिंदुस्थानातल्या तुरुंगांत होती. अंदमानातले ‘पेटी ऑफिसर’ हे त्यातलेच. काल गळ्यात नंबर, आज कमरेला पट्टा. इंग्लंडच्या बिल्ल्यांत हा प्रकार मला सापडत नाही. ही आपल्याकडची खासियत.

हे सगळं ज्ञान मी ओसरीवर पाजळत होतो. आजी खांबाला टेकून ऐकत होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नेमकं त्यांनाही ठाऊक नाही. काष्ट्याचं लुगडं, कमरेला बटवा. त्यांनी हात पुढे केला आणि मी बॉक्समधला सर्वात लाडका, जॉर्जच्या काळातला, टोपीचा बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला.

“कुणाचा म्हनलास?”

“तुरुंगातल्या वॉर्डरचा, आजी. विलायतेतला.”

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने मुकुटावरून हात फिरवला. उलटा केला (उलटा केला! आमच्यातला माणूस!). मग नाक मुरडलं. “आरं लेकरा, ह्याची काय दशा केलीस रं?”

मी पॅटिना समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मित्राने शेतावर मोटार चालू करायला हाक मारली. आम्ही अर्ध्या-पाऊण तासाने परत आलो तर आजी न्हाणीच्या दगडावर बसलेल्या. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ, चिमूटभर राख आणि नारळाची शेंडी. आणि माझा बिल्ला... काय सांगू? उन्हात असा झळकत होता की बारामतीहून दिसावा.

मी फक्त “आजी, नको!” एवढंच म्हणू शकलो. तेही उशिरा.

“नको काय? असा काळा बिल्ला लावून परेडला गेला तर सायेब हुबा करील व्हय त्याला?”

मित्र हसत सुटला. मला रडावं की हसावं कळेना. शंभर वर्षांचा थर पाऊण तासात गेला होता. पण त्यांच्या बोलण्यातला ‘परेड’ हा शब्द माझ्या कानात अडकला. कन्हेरीच्या ओसरीवर परेड कुठून आली?

“तुम्हाला काय माहिती, आजी, परेडचं?”

थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. बिल्ला पदराने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “माजा बाप येरवड्याला वॉर्डर व्हता.”

मित्राचं हसू तिथेच थांबलं. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. पस्तिशीचा माणूस, याच घरात लहानाचा मोठा झाला, आणि आजीच्या वडिलांची नोकरी त्याला ठाऊक नव्हती. “तू तर म्हणायचीस पुण्यात सरकारी नोकरीत होते...”

“मग काय खोटं व्हतं का ते?”

येरवडा म्हणजे आपल्यासाठी काय? चापेकर बंधू. १८९८च्या एप्रिलमध्ये दामोदर आणि १८९९च्या मे महिन्यात बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचे साथी रानडे. गांधीजी १९२२ ते २४, पुन्हा तिसाच्या दशकात, आणि १९३२च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या आंब्याखाली पुणे करार. बेचाळीसला राजबंद्यांनी तुडुंब भरलेल्या बराकी. २०२१च्या २६ जानेवारीपासून तिथे जेल पर्यटन सुरू झालं, तेही याच आठवणींसाठी. पुस्तकं म्हणाल तर मराठीचं अर्धं वैभव तुरुंगात लिहिलंय. टिळकांचं ‘गीतारहस्य’ मंडालेला, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३मध्ये, विनोबांची ‘गीता प्रवचने’ धुळ्याच्या तुरुंगात १९३२मध्ये आणि तीही गुरुजींनीच उतरवून घेतलेली. ही सगळी पुस्तकं गजाच्या आतून लिहिलेली. गजाच्या बाहेर किल्ल्यांचा जुडगा घेऊन जो उभा होता, त्याचं मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. तो आपल्यालेखी फक्त एक बूट आणि एक शिवी.

आजींच्या बोलण्यातून त्या दुपारी जो माणूस दिसला तो असा. सहा फूट उंच, अक्षरओळख जेमतेम. दुष्काळात जमीन सुटली म्हणून नोकरी धरली. जेलच्या लायनीत एक खोली, पुढे पडवी. बेचाळीसला आत शिकलेले लोक इतके आले की ते रात्री गाणी म्हणायचे आणि बाप घरी येऊन ती गुणगुणायचा. आई दटावायची, “हळू म्हणा, नोकरी जाईल.” आणि गावाला गेले की आई उलटं दटावायची, “बाप कुठं कामाला विचारलं तर सरकारी नोकरीत सांगायचं. जेल म्हनायचं न्हाई.”

“लायनीत बापानं गाणं म्हनायचं न्हाई, आन गावात आमी जेल म्हनायचं न्हाई,” आजी म्हणाल्या. “दोन्हीकडं गप.”

बिल्ला घासायचं काम आजींचं. पाच-सहा वर्षांची पोर. रोज रात्री चिंच आणि राख, सकाळी फडक्याने कोरडा. बटणं कोटावरच घासायची, कापडाला डाग न लागता. त्यासाठी बापाने फटीची एक लाकडी पट्टी करून दिली होती, बटणाखाली सरकवायला. (माझ्या अंगावर काटा आला. अशा पितळी फटीच्या पट्ट्या ब्रिटिश सैनिकांच्या किटमध्ये असतात, ‘बटन स्टिक’ म्हणतात. माझ्याकडे दोन आहेत. पौंडात घेतलेल्या.) मुकुटावरचे मणी त्यांना अजून पाठ होते. बोटाने हवेत काढून दाखवले, वर घुमट, त्यावर गोळा, त्यावर क्रॉस. ट्यूडर! मॅडम, सर, कोणत्याही कॅटलॉगशिवाय!

मग स्वातंत्र्य आलं. मुकुट गेला, सिंह आले. बापाने जुना बिल्ला आणि कोट जमा केला. सरकारचा माल सरकारला परत. हे अगदी खरं आहे आणि म्हणूनच हे बिल्ले बाजारात कमी मिळतात. गणवेश माणसाचा नसतो, तो अंगावर उसना असतो. आपल्या हातात येतो तो बहुधा भंगारात निघालेला, कुणी परत न केलेला किंवा कुणाच्या ट्रंकेत विसरलेला.

“आन एक बटान ऱ्हायलं,” आजी म्हणाल्या.

कोट जमा झाल्यावर कधीतरी गोधडी झटकताना ते खाली पडलं. कधी तुटलं होतं देव जाणे. परत करायला जावं तर उगाच चौकशी, म्हणून आईने ठेवून दिलं. लग्न होऊन आजी कन्हेरीला आल्या तेव्हा आईने ते त्यांच्या बटव्याला लावून दिलं. आणि आजींनी कमरेचा बटवा काढून माझ्यापुढे धरला. बटवा कितीदा बदललाय म्हणाल्या, बटण तेच.

सत्तर-पंचाहत्तर वर्षं सुपारी, कात आणि सुट्टे पैसे यांची राखण करणारं ते बटण. अक्षरं पार झिजलेली, वाचता येईना. पण घुमट होता, त्यावर गोळा होता, आणि ते सोन्यासारखं चमकत होतं, कारण ते एकही दिवस काळं पडू दिलेलं नव्हतं. पॅटिना शून्य. कलेक्टरच्या भाषेत बाद माल.

आता प्रामाणिकपणे सांगतो. पहिला विचार माझ्या मनात काय आला? मागावं. गोड बोलून मागावं. आजी देतील सुद्धा, आधीच बिल्ल्याचं त्यांना वाईट वाटलंय. दुसरा विचार, किंमत सांगावी का? बाजारात याला फार नाही, एक बरं जेवण होईल इतकीच. पण ‘येरवड्याच्या वॉर्डरचं, घराण्यातून आलेलं’ असं म्हटलं की तेच बटण वेगळं होतं. वस्तूपेक्षा तिची हकिकत महाग असते, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे.

तेवढ्यात मला दिनकर केळकर आठवले. पुण्यात बाजीराव रोडला त्यांचं म्युझियम आहे, शाळेच्या ट्रिपमध्ये तुम्हीही बघितलंय. कवी ‘अज्ञातवासी’. दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, म्हणजे घराघरांतून फेकायच्या बेतात असलेल्या वीसेक हजार वस्तू त्यांनी आणि कमलाबाईंनी गावोगाव हिंडून जमवल्या, लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने मांडल्या आणि १९७५मध्ये सरकारला देऊन टाकल्या. त्यांनी घेतलं नसतं तर त्यातलं निम्मं मोडीत वितळलं असतं. म्हणजे मागणं वाईटच असं नाही. पण आजींच्या कमरेचं बटण मोडीत निघालेलं नव्हतं. ते ड्यूटीवर होतं.

मी मागितलं नाही. माझं कौतुक करू नका, कारण मित्राने मात्र मागितलं. “आजी, दे की त्याला. तुझ्या काय कामाचं? तुला नवी चेन लावून देतो बटव्याला.”

आजींनी बटवा परत कमरेला खोचला. “इतकी वरसं सांगितलं न्हाई ते आज सांगितलं. तेवढं बास न्हाई का?”

मग मी दुसरं काहीतरी मागितलं. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करू का, असं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. चाळीस मिनिटं झाली. मधे दोनदा कुत्रं भुंकलंय, एकदा दुधाचा हिशोब आलाय आणि शेवटी मित्राचे वडील येऊन खांबाशी उभे राहिले आहेत. ते रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाहीत, पण एका ठिकाणी त्यांचा आवाज येतो, “आई, हे आमाला कधी बोलली न्हाईस.” बटणाचा फोटोही काढला, पुढून आणि मागून, शेजारी मोजायला पट्टी ठेवून. सवयच ती.

ज्यांना वाचता वाचता या छंदाची खाज सुटली असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात उजाडता उजाडता जा, पितळेच्या ढिगात हात घाला, आणि मुकुट दिसला की चेहरा दगडासारखा ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू हाती आली तर १९७२चा पुरावशेष कायदा एकदा नजरेखालून घाला. अशी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि गणवेशाचे बिल्ले कपाटात ठेवा, छातीवर नको. लोकसेवकाचं चिन्ह फसवण्यासाठी लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पार्टीत थीम म्हणून जॅकेटवर लावलंत तर तुमचा हेतू फसवण्याचा नाही हे मला कळतं, पण बंदोबस्तावरच्या हवालदाराला समजावत बसायचं का? तुरुंगाचे बिल्ले जमवता जमवता तिथेच मुक्काम, असा विनोद माझ्या बायकोने ऑलरेडी करून झालाय. आणि खरी मजा हवी असेल तर कधी इंग्लंडला गेलात की नॉटिंगहॅमचं नॅशनल जस्टिस म्युझियम बघा. जुनं कोर्ट आणि जुना तुरुंग एकाच इमारतीत आहेत.

पण त्याआधी एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमचे वडील काय करायचे? ‘सरकारी नोकरीत होते’ असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका.

माझा तो घासलेला बिल्ला आता बाकीच्यांच्या बरोबर नाही. बाकीचे सगळे काळे, गंभीर, इज्जतदार. हा एकटाच लखलखीत, पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखा. कलेक्टर मित्र घरी आले की त्याच्याकडे बघून हळहळतात. एकाने विचारलं, “कुठल्या गाढवाने पॉलिश केलं रे?” मी त्याला चहा दिला नाही.

परवा कन्हेरीवाल्याचा फोन आला. गावाकडे गेला होता. म्हणाला, वडिलांनी येरवड्याच्या जेल पर्यटनाची चौकशी केलीय, आजीला न्यायचं म्हणतायत. आजी मात्र म्हणतेय, मला आत काय बघायचंय, लायन दाखवा. आणि तुझ्यासाठी निरोप आहे.

“काय?”

“विचारतेय, त्या पोराचा बिल्ला परत काळा पडला का? पडला असंल तर घेऊन ये म्हणावं. चिंच नवीन फोडलीय.”